मिठाच्या रानातला आठवडा

माझ्या फोनमध्ये दोन गावांची हवा दिसते. एक परतूरची, आणि दुसरी ओमानच्या किनाऱ्यावरच्या एका गावाची. तिथं मी कधी गेले नाही आणि आता जाणारही नाही. ती दुसरी हवा आमच्या यांनी लावून दिली होती, पहिल्यांदा तिकडं जायच्या आदल्या दिवशी. म्हणाले, बोलायला काही नसलं की हे बघत जा, निदान तेवढं तरी दोघांना माहीत राहील.

तसंच झालं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा-बायको फोनवर बोलून बोलून काय बोलणार? मी इथल्या एका शाळेत शिकवते. शाळेतलं सांगून झालं, आत्याबाईंच्या गुडघ्याचं सांगून झालं की आम्ही हवेवर यायचो. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. घरात आम्ही दोघीच. हे तिकडं समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात पंपाचं काम बघायचे. आधी घनसावंगीकडं उसाच्या पट्ट्यात मोटारी दुरुस्त करत फिरायचे, तोच हात तिकडं कामाला आला.

त्या गावाच्या एका अंगाला समुद्र आहे आणि दुसऱ्या अंगाला वाळू. मधे मैलोन् मैल एक सपाट जमीन आहे. वरून पापडासारखी कडक, पांढरी, आणि पापड मोडला की खाली काळा चिखल. यांनी तिला नाव दिलं होतं मिठाचं रान. त्या रानातून पाण्याची पाइपलाइन जाते आणि दूर एका टोकाला पंपघर आहे. हे आठवड्यातून एकदा-दोनदा गाडी घेऊन तिथं जायचे. एकटेच.

फाल्गुनात तिकडच्या हवेचा भरवसा नसतो, हे ते नेहमी सांगायचे. सकाळी समुद्रावरून धुकं येतं, दुपारी वाळवंटातून फुफाटा येतो, मधेच एखाद्या दिवशी ढग भरून येतात आणि वर्षाचा सगळा पाऊस तासाभरात पडून जातो. आपल्याकडं फाल्गुन म्हणजे गव्हाची काढणी, लिंबाला आलेला मोहोर, सकाळी गार आणि दुपारी चटके. दोन्हीकडं उन्हाळ्याच्या आधीचेच दिवस, पण एकमेकांना ओळख न दाखवणारे.

तिकडं रविवारी आठवडा सुरू होतो. त्या रविवारी सकाळीच यांचा फोन आला. म्हणाले, आज धुकं इतकं आहे की उभ्या जागेवरून स्वतःची गाडी दिसत नाही. मी म्हटलं, मग उशिरा निघा. ते म्हणाले, पंप बंद पडलाय, गावाचं पाणी तुटलंय, जावंच लागतंय. आत्याबाईंनी गोळ्या घेतल्या का, एवढं विचारलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी फोन आला नाही. रेंजचा घोळ तिथं कायमचाच, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

सोमवारी मी वर्गात होते. सातवीच्या मुलांना चाचणीचे प्रश्न सांगत होते. फोन वाजला तो यांच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचा. तो आपल्याच भागातला, परभणीचा, इलेक्ट्रिशियन. मी त्यांना भाऊजी म्हणते. ते कधी मला थेट फोन करत नसत. मी व्हरांड्यात आले.

"वहिनी, घाबरू नका," ते म्हणाले. "गाडी सापडलीय."

गाडी सापडलीय, म्हणजे गाडीतलं माणूस सापडलं नाही, हे कळायला मला जरा वेळ लागला. रविवारी धुक्यात यांची वाट चुकली होती. गाडी पाइपलाइनपासून बरीच लांब मिठाच्या रानात शिरली होती, आणि पुढची चाकं पापड मोडून चिखलात रुतली होती. दार उघडं होतं. मोबाइल सीटवर पडला होता. पाण्याचा कॅन तेवढा नव्हता, म्हणजे तो यांच्याजवळ असणार, असं भाऊजी मला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. पोलीस आले होते, हेलिकॉप्टर मागवलं होतं, पण धुकं उठेपर्यंत ते उडणार नव्हतं.

मी वर्गात परत गेले आणि उरलेले प्रश्न सांगून टाकले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, कुणाचा फोन आल्ता का. मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ज्वारीची भाकरी थापायला घेतली. त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींपासून काहीतरी लपवत जेवलो.

मंगळवारी तिकडं वारं सुटलं. माझ्या फोनमध्ये त्या गावापुढं धुळीचं चिन्ह आलं. दुपारच्या आधीच शोध थांबवला होता. भाऊजी म्हणाले, हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत, माणसं तोंडाला फडकी बांधून गाड्यांत बसून आहेत. मी शाळेतून येऊन गच्चीवर गेले. आमच्याकडं आभाळ स्वच्छ होतं. पलीकडच्या रानात हार्वेस्टर गहू काढत होतं आणि त्याचा भुसा सरळ खाली बसत होता. पानही हलत नव्हतं. पश्चिमेकडं तोंड करून मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. एक माणूस फुफाट्यात अडकलाय आणि त्याच्या घरावर ऊन पडलंय, हे मला काही केल्या एकत्र धरता येईना.

खाली येऊन मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या गहू निवडत बसल्या होत्या. निवडायच्या थांबल्या नाहीत. एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "तिकडं वारं हाय का?"

"लई आहे."

"मंग त्यो बसून ऱ्हाईल. वाऱ्यात त्यो चालत न्हाई. ल्हानपनापासनं तसंच हाय त्याचं."

ती रात्र मी त्या एका वाक्यावर काढली.

बुधवारी वारं पडलं आणि एकदम तापलं. भाऊजी पोलिसांबरोबर आत गेले होते. दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. गाडीच्या पुढं, जिथं जमीन घट्ट आणि ओलसर होती, तिथं पावलं सापडली होती. वाऱ्यानं बरीच बुजली होती, पण दिसत होती.

"पन वहिनी, एक गोष्ट हाय," ते म्हणाले. "पावलं दोघांची हायेत."

मी विचारलं, यांच्यासोबत कोण गेलं होतं.

"कुनीच न्हाई. मी स्वतः बघितलंय जाताना. एकटेच गेल्ते."

दोन ओळी होत्या, शेजारी शेजारी. एक माणूस दुसऱ्याच्या डाव्या हाताला चालतोय अशा. पोलीस म्हणाले, कुणी कोळी भेटला असेल, किनाऱ्याला त्यांची पालं असतात. मग काळजी नाही. त्या लोकांना तिथली वाट माहीत असते, पाणी कुठं मिळतं ते माहीत असतं.

मी धावत जाऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या दिवशी आम्ही पोटभर जेवलो. मी त्या कोळ्याला मनातल्या मनात एक तोंडवळासुद्धा देऊन टाकला. काळा, किडकिडीत, डोक्याला फडकं, खांद्यावर जाळं. आत्याबाई म्हणाल्या, देवानं धाडला. आज आठवलं की वाटतं, त्या सबंध आठवड्यात बुधवारची संध्याकाळ तेवढी सुखाची होती, आणि ती एका अशा माणसाच्या जिवावर, ज्याला कुणी बघितलं नव्हतं.

गुरुवारी दोन्हीकडं ढग आले. माझ्या फोनमध्ये दोन्ही गावांपुढं विजेचं चिन्ह होतं. असं कधी झालं नव्हतं. परतूरला नुसतंच गडगडलं, पण भोकरदनकडं गारा पडल्या. आत्याबाईंचं माहेर तिकडचंच, पिंपळगाव रेणुकाईचं. त्यांच्या भावाचा फोन आला की काढणीला आलेला गहू झोपला, आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडलाय. आत्याबाई "बरं" म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. मग मला म्हणाल्या, तिकडचं बघ.

मी सांगितलं, तिकडं पाऊस पडतोय.

"पडू दे," त्या म्हणाल्या. "पिऊन घील त्यो."

त्या पावसानं पावलं धुऊन गेली. मिठाच्या रानात गुडघाभर पाणी साचलं, वाळूतल्या कोरड्या नाल्याला पूर आला आणि गाड्या आत जाईनाशा झाल्या. हे भाऊजींनी मला त्या दिवशी सांगितलं नाही.

शुक्रवार तिकडं सुट्टीचा वार. कामगारांच्या कॅम्पवरची सगळी माणसं, आपली, बंगालची, पाकिस्तानची, कुठकुठली, हातभर अंतरावर ओळ करून चालली. संध्याकाळपर्यंत काही सापडलं नाही. भाऊजींनी फोन केला नाही, तेव्हा मीच केला. ते म्हणाले, हवा आज इतकी चांगली होती वहिनी, गार, स्वच्छ, समुद्र निळाशार, पाण्यावर पाखरं उतरलेली. हे सांगताना ते रडत होते. अशा हवेत माणूस सापडू नये, याचा मला राग आला. कुणावर ते मला तेव्हाही कळलं नाही.

त्या संध्याकाळी आत्याबाई अंगणात बसून यांच्याशी बोलत होत्या. नेहमीच्या आवाजात, समोर बसल्यासारख्या. मी आतून ऐकत होते. भाजी कशी झाली, गारांनी मामाचं किती नुकसान झालं, असलंच काही. मधे मधे त्या थांबायच्या, जबाब ऐकायला थांबतात तशा. मला बाहेर जायची हिंमत झाली नाही.

शनिवारी दुपारी हे सापडले. जिवंत.

एक उंटवाला किनाऱ्यानं चालला होता. एक मोडकी लाकडी होडी वाळूत उलटी पडलेली होती, तिच्या सावलीत त्याला माणूस बसलेला दिसला. झोपलेला नाही, बसलेला. गाडीपासून लांब, आणि किनाऱ्याच्या ज्या टोकाला शोध चालला होता त्याच्या अगदी उलट टोकाला. होडीशेजारी फाटकी ताडपत्री पडली होती, तिच्या खोलगटात पावसाचं पाणी साचलं होतं, त्यावर हे तगले होते.

मी आत्याबाईंना सांगितलं तसे त्यांनी वाकून दोन्ही हात जमिनीला टेकवले. मग वर बघून म्हणाल्या, "अन् दुसरा?"

मला तो आठवलाही नव्हता.

यांनीही दवाखान्यात शुद्धीवर येऊन पहिलं तेच विचारलं, असं भाऊजींनी नंतर सांगितलं. तो कुठाय. तो माझ्यासोबत होता, होडीपाशी होता, उंटवाल्यानं मला उचललं तेव्हा तो मागं राहिला. हे इतकं ठासून सांगत होते की पोलिसांनी पुन्हा शोध सुरू केला. होडीच्या आसपासचा सगळा किनारा बघितला. कोळ्यांच्या पालांवर जाऊन विचारलं. कुणाचाही माणूस हरवला नव्हता. रविवारपासून कुणालाही कुणी परका भेटला नव्हता. पोलिसांनी यांना विचारलं, तो कुठली भाषा बोलत होता. हे म्हणाले, मी मराठीत बोलत होतो. तो काय म्हणायचा? तो बोलत नव्हता, ऐकत होता.

डॉक्टरांनी समजावलं की पाण्यावाचून, झोपेवाचून असं होतं, समुद्रात, डोंगरात अडकलेल्या पुष्कळांना असा सोबती भेटतो. पावलांचं पोलीस म्हणाले की माणूस चुकला की त्याच वाटेनं जातो-येतो, एका माणसाच्या दोन ओळी होतात. हे पटण्यासारखं आहे. मी भाऊजींना एकदा खोदून विचारलं. ते म्हणाले, दोन्ही ओळींचे चवडे समुद्राकडं होते. मग लगेच म्हणाले, पण वहिनी, मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत, पावसानं गेलं सगळं.

चैत्रात हे घरी आले. मुंबईहून रेल्वेनं. मी परतूरच्या स्टेशनवर उभी होते. ओठांची सालं गेलेली, पायांना पट्ट्या, अंगावरचे कपडे दुसऱ्या कुणाचे वाटावेत इतके सैल. ते उतरले, आणि माझ्याकडं यायच्या ऐवजी डब्याच्या दाराकडं तोंड करून उभे राहिले. मला वाटलं सामान राहिलंय. मी विचारलं. ते नाही म्हणाले. गाडी हलून फलाटाबाहेर जाईपर्यंत ते तसेच उभे होते, कुणीतरी उतरायचं राहिल्यासारखे. मग माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चला म्हणाले.

हे वेडे झाले नाहीत, हे मला आधी सांगितलं पाहिजे. गावात काही जण तसं बोलले. यांनी बाजाराच्या रस्त्याला मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. कापसाच्या हंगामात जिनिंगवाल्यांची कामं येतात, पावसाळ्याच्या तोंडाला शेतकऱ्यांच्या मोटारी. काम बराबर चालतं. जेवतात, हसतात, आत्याबाईंना दवाखान्यात नेतात. फक्त रस्त्यानं चालताना डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडून चालतात. समोरून कुणी आलं तर हे अख्खी जागा सोडून बाजूला होतात, दोन माणसं बाजूला होतात तसं. बाजेवर उजव्या काठाला झोपतात. मी सुरुवातीला मुद्दाम डावीकडं जाऊन बसायचे. हे काही बोलायचे नाहीत, थोड्या वेळानं उठून जायचे.

मला त्या माणसाचा हेवा वाटायला लागला. तो आहे की नाही हा प्रश्नच मला पडेनासा झाला. माझ्या घरात माझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताला कुणीतरी होतं, आणि ते मी नव्हते.

एका रविवारी दुपारी आत्याबाई झोपल्या होत्या. बाहेर वावटळ उठली होती, मी खिडक्या लावत होते. हे आपण होऊन बोलायला लागले. म्हणाले, त्या दिवशी धुक्यात पाइपलाइन शोधायला गाडीतून उतरलो, थोडंसंच गेलो, वळून बघतो तर गाडी नाही. मग खाली बसलो. तर डावीकडं कुणीतरी बसल्याचं जाणवलं. कॅम्पवरचं कुणी असेल वाटलं. कोण म्हणून विचारलं तर काही नाही. मग विचारायचं सोडून दिलं. फुफाटा आला त्या दिवशी मला डाव्या बाजूनं वारं लागत नव्हतं. पाऊस झाल्यावर मला आडवं पडावंसं वाटत होतं. पडलो असतो तर उठलो नसतो. पण तो बसलेला होता, म्हणून मीही बसून राहिलो.

"दिसला का कधी?" मी विचारलं.

"न्हाई. मान वळवली की मागं सरायचा."

मला जे विचारायचं होतं ते विचारायला मी खिडकीची कडी लावेपर्यंत वेळ घेतला.

"मी होते का?"

त्यांनी विचार केला. खोटं बोलणं किती सोपं होतं. मला ते चाललं असतं.

"न्हाई," ते म्हणाले. "तू असतीस तर मी रडलो असतो. त्याच्याम्होरं रडू येत नव्हतं."

मी चहा टाकायला आत गेले. दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.

आत्याबाईंना असला काही प्रश्नच नव्हता. त्यांना त्या दुसऱ्याची काळजी होती. त्याला आई असंल का, एवढंच त्या यांना कधी कधी विचारायच्या, आणि हे म्हणायचे, ठाऊक न्हाई गं. त्या वर्षी त्या माझ्यासोबत माहेरी गेल्या आणि रेणुकेपुढं दोन नारळ ठेवले. पुजाऱ्यानं विचारलं, एक पोराचा, दुसरा कुणाच्या नावानं? आत्याबाई म्हणाल्या, त्याचं नाव न्हाई माहीत, तसाच फोडा.

आत्याबाई पुढच्या पावसाळ्यात गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी त्या माणसाला खोटं मानलं नाही.

गेल्या दिवाळीत परभणीचे भाऊजी सुट्टीवर आले होते, ते आम्हाला भेटायला आले. हे दुकानात होते. भाऊजींनी दारातच मला सांगितलं, यांच्यासमोर बोलावं की नाही असं वाटलं म्हणून. त्या पाइपलाइनवर जाणारी माणसं आता गाडी रुतली होती त्या जागी पाण्याची एक बाटली ठेवतात. कुणी सुरू केलं ते माहीत नाही. नव्या माणसालाही सांगतात. दुसऱ्या खेपेला जावं तर बाटली रिकामी असते, झाकण लावलेली. उंटवाले पीत असतील, भाऊजी म्हणाले, दुसरं कोण असणार. मग म्हणाले, मीबी ठेवतो.

ते गेल्यावर मी ठरवलं होतं की यांना सांगायचं नाही. पण जेवताना सांगून टाकलं. हे ऐकत राहिले. घास हातात तसाच होता.

"केवढी बाटली ठिवतेत?"

मी म्हटलं, असेल अर्ध्या लिटरची.

"मोठी ठिवा म्हनावं," ते म्हणाले. "तेवढ्यानं काय होतंय." आणि पुन्हा जेवायला लागले.

मी भाऊजींना तसा निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं, बराबर.